पाणमांजर, गोगलगाय आणि आम्ही दोघी

आम्ही कोल्हापूरची माणसं कोकणात जातो ती मासे खायला, लाटांत भिजायला आणि परत येऊन "तिकडं जेवणाला तिखटच नसतंय" अशी तक्रार करायला. हे सगळं मी पूर्वी मनसोक्त केलंय. या खेपेला मात्र मी गेले होते ते बहिणीच्या तोंडून एक "हो" काढून आणायला. ज्यांनी तिकडची खाडी बघितलेली नाही त्यांच्यासाठी हे लिहितेय. ज्यांना एखादी हट्टी बहीण आहे, त्यांनीही वाचायला हरकत नाही.

आक्का माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठी. गडमुडशिंगीत तिचं घर आहे, दाजींनी आणि तिनं मिळून बांधलेलं. पुढं शहाबादी फरशीचा कट्टा, मागं आता रिकामा असलेला म्हशींचा गोठा. दाजी जाऊन दोन वर्षं झाली. पोरगा पुण्यात नोकरीला, तो तिकडचाच झाला. गेल्या पावसाळ्यात आक्का न्हाणीत पाय घसरून पडली आणि हात मोडून घेतला. शेजारीण दूध घालायला आली तेव्हा तिला दिसली. मला दुसऱ्या दिवशी कळलं. त्या दिवशीच मी ठरवलं, की आक्कानं आता माझ्याकडं राहायला यायचं.

मी कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका फौंड्रीत तपासणी विभागात आहे. ओतीव माल माझ्या टेबलावर येतो. मी तो बघते, ठोकते, मापते आणि सांगते, चालतंय किंवा परत भट्टीत. उभी नोकरी हेच केल्यामुळं माणसांच्या बाबतीतही मी फार लवकर निकाल देते, असं लोक माझ्या मागं बोलतात. तोंडावरही बोलतात. लग्न केलं नाही. त्याचं मला कधी काही वाटलं नाही, आणि ज्यांना वाटायचं ते आता थकले. येत्या मार्चअखेर मी निवृत्त होणार आहे. कळंब्याच्या बाजूला माझा फ्लॅट आहे. त्यातली एक खोली आक्कासाठी रंगवून घेतली, खिडकीला जाळी बसवली, न्हाणीत धरायला दांडी लावली. मग आक्काला विचारलं, तर ती म्हणाली, "बगू की."

आमच्याकडं "बगू की" म्हणजे नाही. पण मी अशा पुष्कळ नाहींची हो करून दाखवलेली आहे. चार दिवस समुद्राचं वारं लागलं की माणूस सैल पडतं. परत येताना गाडी थेट माझ्या फ्लॅटच्या दारात उभी करायची, असा माझा बेत होता. तो मीच तपासला होता आणि मीच पास केला होता.

घाट उतरून

डिसेंबर लागला होता, त्यामुळं राधानगरीच्या रस्त्याला उसाच्या ट्रॉल्यांची रांग होती. मी ओव्हरटेक करायला बघत होते आणि आक्का प्रत्येक ट्रॉलीतला ऊस किती वाळलाय ते सांगत होती. एका ट्रॉलीवाल्याला तर तिनं काच खाली करून ओरडून विचारलं, "तोड कवा झाली हो?" त्यानंही ओरडून सांगितलं. मग दोघांचं समाधान झालं आणि मला वाट मिळाली.

तिच्या पिशवीत भाकरी होत्या, खर्डा होता, कांदा-लसूण चटणीची बरणी होती. वर एक पाण्याचा कॅन. पाणी कशाला म्हणून विचारलं तर म्हणाली, "तिकडचं पानी खारं असतंय."

हे नुसतं वेडेपण नाही. आमच्याकडं खार म्हणजे वैरी. रानाला पाणी जास्त झालं की जमिनीतनं खार वर येतो, पांढरी बुरशी आल्यागत दिसतो आणि मग तिथं गवतसुद्धा धड उगवत नाही. दाजींचा ओढ्याकडचा तुकडा असाच गेला. त्यामुळं खारं ते वाईट आणि गोडं ते चांगलं, हे आमच्या अंगात भिनलेलं आहे. मी स्वतःला शिकलेली समजते, पण माझ्याही अंगात ते किती आहे हे मला पुढं दोनच दिवसांत कळलं.

आम्ही उतरलो ते देवगडच्या अलीकडचं खाडीकाठचं एक गाव. नाव सांगत नाही, कारण जिथं राहिलो त्या सुहासनं तसं सांगितलंय. "नाव लिवलात तर लोक गाड्ये भरून येतले आणि खाडयेत डीजे लावतले," असं तो म्हणाला, आणि आपल्या लोकांना ओळखून असल्यामुळं मला ते पटलं.

आक्का गाडीतून उतरली आणि तिनं सुहासला पहिला प्रश्न टाकला, "पावणं, हितं गोडं पानी हाय न्हवं?"

"पावणे तुमी," तो हसून म्हणाला. "मी घरचो. पाणी विहिरीचा आसा, गोड आसा."

अनोळखी माणसाला पावणं म्हणायचं, मग तो त्याच्या स्वतःच्या अंगणात का उभा असेना, ही आमची पद्धत त्याला चार दिवस पुरली. त्याची बायको प्राजक्ता दुसऱ्याच गोष्टीनं चक्रावली होती. आमच्या भागात बायकासुद्धा "मी येतो", "मी बसतो" असंच बोलतात. दोन साठीच्या घरातल्या बायका तिच्या पडवीत बसून "मी न्हाय जेवत, मी झोपतो" म्हणताहेत हे ऐकून ती तोंडाला पदर लावून आत गेली. दुसऱ्या दिवशी तिनं नवऱ्याला "मी बाजाराक जातो" असं म्हणून बघितलं आणि स्वतःच हसत सुटली.

रात्री बांगड्याचं तिरफळं घातलेलं कालवण होतं. वास असा, की गाडी चालवून आलेला सगळा शीण गेला. आक्कानं एक घास खाल्ला, डोळे मिटले, मान हलवली आणि बरणी उघडून त्यात चमचाभर आमची चटणी कालवली. प्राजक्ताचा चेहरा उतरला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण नंतर प्राजक्तानंच बोटावर चटणी घेऊन चाखली, तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिनं विचारलं, "ही थोडी ठेवशात?" आक्कानं अर्धी बरणी तिथंच रिकामी केली.

खाडी

सकाळी भरतीच्या वेळी सुहासनं होडी काढली. आक्का होडीच्या मधल्या फळीवर बसली आणि तिनं दोन्ही हातांनी ती फळी धरली. ती तिनं उतरेपर्यंत सोडली नाही. मी पुढं नाकाशी बसले.

आमची पंचगंगा मला माहीत आहे. तिला एक दिशा आहे. खाडीला नाही. पाणी समुद्राकडून आत येत होतं, दोन्ही काठांच्या कांदळवनांत शिरत होतं, आणि झाडं गुडघाभर पाण्यात उभी राहून ते येऊ देत होती. मला हे फार आवडलं. आक्काला विचारलं तर म्हणाली, "झाडं कुजत न्हाईत व्हय?"

एका वळणावर सुहासनं वल्हं उचललं आणि हात वर केला. समोर वाळूच्या पट्ट्यावर काहीतरी हललं. मग एक तपकिरी डोकं पाण्यातनं वर आलं, मिशा, बारके कान, आणि आमच्याकडं सरळ बघायला लागलं. मग दुसरं, तिसरं. पाणमांजरं होती, सहा-सात तरी. मी चित्रात बघितलेली, पण चित्रात त्यांचा आवाज नसतो. ती सगळी एकाच वेळी बोलत होती. शिट्ट्या, चिवचिव, मधेच फिस्कारणं. एकानं मासा धरून आणला, पुढच्या दोन्ही पायांत पकडला आणि डोक्याकडून खायला सुरुवात केली. काटे मोडताना आम्हाला ऐकू येत होते. दुसरं त्याच्यापाशी आलं, तेव्हा यानं पाठ फिरवली आणि तसंच खात राहिलं. दोघं वाळूत लोळत होती, एकमेकांची मान धरत होती, सोडत होती आणि पुन्हा पाण्यात जात होती. एक क्षण कुणी गप्प बसलेलं नव्हतं.

"हे माझं जनावर," मी म्हटलं.

"चोर आसत," सुहास म्हणाला. "माजी जाळी फाडतत. मासो न्हेतत तो न्हेतत, जाळ्याचीय वाट लावतत." पण बोलताना तोही हसत होता, आणि वल्हं त्यानं पाण्यात घातलं नव्हतं.

मी मोबाइलवर त्यांना टिपत होते. आक्का मात्र उलट्या बाजूला बघत होती. त्या काठाला, कांदळाच्या मुळांपाशी, आणखी एक पाणमांजर होतं. एकटंच. ते मान वर करून एकसारखी बारीक शिट्टी घालत होतं, थोडं इकडं पोहत होतं, थोडं तिकडं, आणि पुन्हा शिट्टी.

"ते का वरडतंय?" आक्कानं विचारलं.

"चुकलेला आसतला," सुहास म्हणाला. "कळप गावल्याशिवाय गप रवाचा नाय."

मी तिकडं फारसं लक्ष दिलं नाही. माझी सगळी मंडळी वाळूवर होती. एवढ्यात उत्साहाच्या भरात मी उभी राहिले, होडी कलली, आणि मोबाइल वाचवायच्या नादात मी स्वतः कमरेइतक्या पाण्यात गेले. तळाचा चिखल पोटऱ्यांपर्यंत आला. सुहासनं मला ओढून वर घेतलं तोवर पाणमांजरं गायब झाली होती. आक्का फळी धरूनच होती. ती एवढंच म्हणाली, "तुझं जनावर पोवतंय तरी."

पौर्णिमा

तिसरा दिवस पौर्णिमेचा. पौर्णिमेला आक्का अष्टशील पाळते. पांढरं लुगडं नेसायचं, दुपारच्या आत एकदा जेवायचं, मग दुसऱ्या सकाळपर्यंत काही खायचं नाही, गादीवर झोपायचं नाही. गावात असली की विहारात बायकांबरोबर वंदनेला बसते. त्या दिवशी तिनं सुहासच्या पडवीत एक मेणबत्ती लावली, वंदना म्हटली आणि पिठलं-भात खाल्ला.

प्राजक्ताला वाटलं, उपवास आहे. तिनं बिचारीनं संध्याकाळी खास साबुदाण्याची खिचडी केली, शेंगदाण्याचं कूट घालून. आक्का हात जोडून म्हणाली, "आमच्या उपासाला भाकरी चालती ओ, वेळ चालत न्हाय." प्राजक्ताला हे अजबच वाटलं. तिच्या उपवासाला वेळ कोणतीही चालते, भात चालत नाही. दोघींनी आपापल्या नियमांची देवाणघेवाण केली आणि तेवढ्या वेळात ती खिचडी मी संपवली.

पौर्णिमेला ओहोटी मोठी असते. ऊन उतरल्यावर आम्ही खडकांवर गेलो, तर समुद्र लांब मागं सरकला होता आणि एरवी पाण्याखाली असणारा काळा खडक सगळा उघडा पडला होता. आक्का पांढऱ्या लुगड्यात एका सपाट खडकावर बसली. मला बसून राहणं जमत नाही. मी फटीफटींतनं बघत हिंडत होते.

एका फटीत मला त्या दिसल्या. गोगलगायी, हरभऱ्याएवढ्या. काही राखाडी, काही पट्टेरी, एकमेकींना खेटून खडकाला चिकटलेल्या. हलत नव्हत्या. बोटानं ढकललं तरी हलेनात. नखानं उचकटल्यावर एक निघाली, आणि तिनं लगेच आतनं एक बारीक तपकिरी झाकण लावून घेतलं.

मला त्या क्षणी जे सुचलं ते फार भारी वाटलं, आणि मी ते आक्काला जाऊन ऐकवलंच.

"आक्का, ही बग. ही तू," मी तळहात तिच्यापुढं धरला. "आनि काल बगितलं ते पानमांजर, ते मी."

"बरं," आक्का म्हणाली.

मी थांबणार होते थोडीच. मी तिला सगळं सविस्तर सांगितलं. पाणमांजर दिवसभर फिरतं, खाडीत जातं, वर नदीत जातं, खाऱ्यात चालतं, गोड्यात चालतं. भूक लागली की खातं, आवडलं की लोळतं, आणि सगळ्यांच्यात मिळून राहतं. गोगलगाय एका फटीत जन्म काढते. घर पाठीवर, म्हणजे सोडायचा प्रश्नच नाही. खडक चाटायचा, दार लावायचं. तिला समुद्र एवढा मोठा समोर असून त्याचा उपयोग काय? माझा मुद्दा असा होता, की माणसानं गोगलगाय व्हायचं नसतं, विशेषतः न्हाणीत पडून हात मोडल्यावर. मी रंगवलेल्या खोलीपर्यंत बोलत बोलत आले. खोलीला सकाळचं ऊन कसं येतं तेही सांगितलं.

आक्का ऐकत होती. शेवटी म्हणाली, "झालं का सांगून? आता तिला ठिव जा हुती तितं."

मी ठेवली नाही. उलट चांगल्या पाच-सहा गोळा केल्या आणि पदराच्या टोकात बांधल्या. म्हटलं, घरी न्यायच्या. काचेच्या बरणीत घालून आक्काच्या खोलीत खिडकीपाशी ठेवायच्या. तिला तेवढीच सोबत. मुक्कामी येऊन मी त्या प्राजक्ताच्या विहिरीच्या पाण्यानं तीनदा खळखळून धुतल्या, खार सगळा काढला, आणि स्टीलच्या डब्यात स्वच्छ गोडं पाणी भरून त्यात सोडल्या. जन्मभर खाऱ्यात राहिल्या, आता जरा बरं पाणी मिळू दे, हा माझा प्रामाणिक विचार होता. कोकणातलं कुणीही असलं काही करणार नाही. ते आम्हीच करू.

डबा

सकाळी डबा उघडला तर सगळ्या तळाशी पडलेल्या, झाकणं लावून. एकीनंही अंगाचा तुकडा बाहेर काढला नव्हता. मी पाणी बदललं. आणखी ताजं घातलं. थोडा वेळ वाट बघितली. काही नाही. तपासणीच्या टेबलावर मी जशी हातोडी वाजवून बघते तशी डब्याला टिचकी मारून बघितली. मग मला वाटलं, मेल्या.

आक्का अंघोळ करून आली. तिनं डब्यात बघितलं, बोट बुडवून जिभेला लावलं आणि माझ्याकडं बघितलं.

"गोडं पानी घातलंस व्हय?"

"मग काय खारं घालू?"

"रंजे, माशाला दूध पाजशील तू," ती म्हणाली. तिनं डबा उचलला, पाणी अंगणात ओतलं आणि तशीच खडकांकडं चालायला लागली. आमचं निघायचं ठरलं होतं, गाडीत सामान भरायचं होतं. मी तिच्या मागून गेले.

ओहोटी होऊन पाणी आता चढायला लागलं होतं. आक्कानं ती फट शोधून काढली. त्यासाठी तिला फार हिंडावं लागलं नाही, कारण आदल्या संध्याकाळी मी बडबडत असताना ती तिकडंच बघत होती. एकेक गोगलगाय तिनं खडकावर ठेवली आणि शेजारी बसली. मी उभीच होते. लाट येऊन त्यांना भिजवून गेली, पुन्हा आली. बराच वेळ काही झालं नाही. मग एकीचं झाकण आत गेलं आणि कडेनं काहीतरी ओलं, करडं बाहेर आलं. केसांएवढी दोन शिंगं. तिनं खडकाला पाय लावला, सरळ झाली आणि चालायला लागली. थोड्या वेळानं दुसरी. फटीतल्या बाकीच्याही एव्हाना बाहेर निघाल्या होत्या. ज्या खडकावर काल काहीच हलत नव्हतं, तो सगळा हलत होता. सावकाश, पण सगळीकडं.

"बग," आक्का म्हणाली. "फिरती की. तिचं पानी आलं म्हंजे फिरती. तू आलतीस तवा पानी न्हवतं."

"बरं, फिरती," मी म्हटलं. "तरी पानमांजर ते पानमांजर."

"व्हय. मी कुटं न्हाय म्हंतो?" ती लाटेकडं बघत होती. "आनि त्या काठाला एकटं शिट्टी मारालतं, ते कोन गं?"

"ते चुकलेलं."

"व्हय. त्येला खाऱ्या पान्यानं काय हुत न्हवतं. गोड्यानं काय हुत न्हवतं. मासं बी हुतं खाडीत. नुसतं कोन न्हवतं जवळ, तर त्येचा जीव र्‍हाईना." मग ती माझ्याकडं वळली. "तुझं दाजी गेल्यावर पयलं वरीस मला बी लई जड गेलं. आता न्हाय जात. सकाळी डेअरीत दूध मोजाय जातो, बचत गटाचं बगतो, विहारात जातो, दुपारचं कोन ना कोन दारात असतंय. माझा हात मोडलाता तवा तू दिवसाला एक फोन करायचीस. रिटायरची तारीख कळली, आनि चार-चार कराय लागलीस. सकाळी काय खाल्लंस, दुपारी काय खाल्लंस. मी कवा गं तुला सांगिटलं, एकटीला करमत न्हाय म्हनून?"

मला राग आला. चांगलाच आला. मी म्हटलं, तुझ्यासाठी एवढं केलं, खोली रंगवली, चार दिवस रजा टाकली, आणि तू हे बोलतीस. तिनं रिकामा डबा लाटेत विसळून घेतला. मी पाय आपटत वर आले, सामान भरलं, सुहासचे आणि प्राजक्ताचे निरोप घेतले. प्राजक्तानं वाटेत खायला घावणे बांधून दिले होते. त्या पुडीचा वास गाडीत भरून राहिला.

घाट चढून

फोंडा घाटात वळणांवर बोलायला सवडच नसते, हे बरं झालं. दाजीपूर गेलं, राधानगरी गेली. मला रागवायला चांगली कारणं हवी होती आणि ती एकेक करून संपत गेली. तिनं सांगितलं ते तपासून बघायला गेलं तर कुठंच खोट निघेना. फोनचं तर मला स्वतःलाच माहीत नव्हतं. शेवटी भोगावतीच्या आसपास मी स्वतःला सरळ विचारलं, एक एप्रिलला सकाळी काय करणार? आणि हात आपोआप मोबाइलकडं गेला. हा प्रश्न मला नवा नव्हता. गेले कित्येक महिने तो पडत होता आणि दर वेळी मी आक्काला फोन लावत होते.

कळंब्याकडं वळायचं वळण आलं. मी वळले नाही. आक्कानं माझ्याकडं बघितलं. गावातली गर्दी ओलांडून आम्ही गडमुडशिंगीत पोचलो तेव्हा अजून उजेड होता.

आक्कानं कुलूप काढलं आणि पाच मिनिटांत घर भरलं. शेजारीण दूध घेऊन आली. "आलासा व्हय? कसा हाय समिंदर?" बचत गटाची एक बाई हप्त्याच्या बैठकीचं विचारायला आली. कुणाची तरी सून "आत्ती, चटणी शिल्लक हाय का?" म्हणून डोकावली, आणि चटणी कोकणात दिली हे ऐकून तोंड वाकडं करून गेली. आक्का उभ्याउभ्या सगळ्यांना उत्तरं देत होती, चूल पेटवत होती, कुणाला तरी घावणे चाखायला देत होती. मी कट्ट्यावर बसून बघत होते. दर महिन्याला येऊन मी हे बघितलंय, आणि तरी मी तिला एकटी म्हणत होते.

सगळ्या गेल्यावर ती माझ्याजवळ येऊन बसली. पदरानं तोंड पुसलं.

"आक्का," मी म्हटलं, "मला भ्या वाटतंय. एक तारखेला कंपनीची गाडी कोपऱ्यावरनं जाईल आनि थांबायची न्हाय. त्येच्याम्होरं काय करायचं ते मला म्हाईत न्हाय."

हे मी आजवर कुणालाही म्हटलेलं नव्हतं. म्हणायची वेळच आलेली नव्हती. डोळ्यांत पाणी आलं, ते मी पुसलं नाही.

"मग असं म्हनायचंस की पयल्यांदा," आक्का म्हणाली. "माझा हात कशाला म्होरं करालतीस?"

ती उठली आणि मधल्या खोलीत गेली. मला वाटलं, चहा टाकायला गेली. पण तिकडून तिनं हाक मारली. खोलीत जोंधळ्याची पोती रचलेली होती, वर दाजींच्या पाइपांची भेंडोळी, एक मोडका पंखा. आक्का पदर खोचून उभी होती आणि तिनं एका पोत्याची दोन टोकं धरली होती.

"ही भाईर सोप्यात घ्यायची सगळी. ती बाजू धर."

"आत्ता? आत्ताच आलोय की आपन. कशाला?"

"मार्चात आयत्या वक्ताला कोन हलवत बसनार?" ती म्हणाली. "धर म्हंतो न्हवं."

मी धरलं.